पंचवीस हजारांत जुन्या कॉम्प्युटरचे काय काय बदलावे?

बाळकुमच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी शिवणकाम करतात, भिशीचे पंचवीस हजार रुपये हाती आले आहेत. थोरली मुलगी आयटीच्या पदवीला शेवटच्या वर्षात जाणार, जूनपासून तिला अँड्रॉइड अॅप बनवण्याचा विषय आहे. घरातला कॉम्प्युटर २०१७ साली जोडून घेतलेला. तो सुरू व्हायलाच चहा होईपर्यंत वेळ लागतो. धाकट्याला गेम खेळायचे आहेत. भिवंडीचे मामू म्हणतात, आधी ग्राफिक कार्ड टाका. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितले, सगळा जुना माल द्या, त्याचे दोन हजार कापून नवा सेट साडेअडतीस हजारांत देतो, उरलेले हप्त्याने फेडा. भगिनी विचारतात, “पैसे एकदाच आहेत. प्रोसेसर कोणता घ्यावा, तेवढे सांगा.”

प्रश्न प्रोसेसरचा विचारला आहे, पण उत्तर तिथून सुरू होत नाही. पत्रासोबत त्यांनी मशीनची माहिती पाठवली हे फार चांगले केले. ज्यांना आपल्या घरच्या मशीनची माहिती हवी असेल त्यांनी कीबोर्डवरचे विंडोजचे बटण दाबून धरावे, सोबत आर दाबावे आणि येणाऱ्या चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ हे रोमन अक्षरांत लिहावे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळे समोर येते. बाळकुमच्या मशीनमध्ये इंटेलचा कोअर आय३-६१०० आहे, एच११० जातीचा बोर्ड, ४ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क.

आता दुखणे नेमके कुठे आहे ते पाहावे. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. त्या मुलीने आमच्या सांगण्यावरून हे करून फोटो पाठवला. ब्राउझर उघडला असता डिस्क १०० टक्के, मेमरी ९१ टक्के आणि सीपीयू पस्तीसच्या आसपास. म्हणजे ज्याला सगळे दोष देत होते तो प्रोसेसर निम्म्याहून जास्त वेळ रिकामा बसून आहे. काम अडते आहे ते डिस्कपाशी. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते, आणि फिरती डिस्क तर जात्यासारखी, तिचा काटा एका जागेवरून दुसरीकडे जाईपर्यंत बाकी सगळे थांबलेले. एका दुखण्यातून दुसरे निघाले आहे.

हे तपासल्याशिवाय जे नवा प्रोसेसर घालतात, त्यांच्या घरी नवा प्रोसेसर जुन्या डिस्कची वाट पाहत बसतो.

तेव्हा पहिली खरेदी एसएसडीची. ५०० जीबीची पुरे. जुन्या एच११० बोर्डावर एम.२ची खाच बहुतेक वेळा नसते, म्हणून येथे अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. दुकानदार म्हणेल की एनव्हीएमई पाचपट वेगवान असते. फाइल उतरवताना ती असते, यात खोटे नाही. पण हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणे हा जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि साटावरून एनव्हीएमईवर जाणे हा घरच्या कामात क्वचित जाणवणारा. शिवाय साटा एसएसडी आजच्या जुन्या बोर्डावर चालते आणि उद्याच्या नव्या बोर्डावरही चालेल. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी खरेदी रॅमची, आणि येथे जरा थांबावे लागेल, कारण बाजार सध्या सरळ नाही. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव काही आठवड्यांत दुप्पट आणि त्याहून वर गेले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी प्रचंड डेटा सेंटरे उभी राहत आहेत त्यांना लागणारी मेमरी बनवण्यात जास्त पैसा असल्याने कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केले की सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा माल ती बंद करणार. अमेरिकेत डेटा सेंटर उभे राहते आणि बाळकुमच्या भिशीला चिमटा बसतो, असा हा काळ आहे. एसएसडीतही मेमरीच्याच चिप असतात, त्यामुळे तिचेही भाव चढले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हातात असलेली रॅम ही आज दागिन्यासारखी समजावी. दुकानदार ‘जुना माल दोन हजारांत’ म्हणतो तेव्हा त्या मालात डीडीआर४ची पट्टी आहे हे त्याला ठाऊक असते. ती देऊ नये. एच११० बोर्डावर साधारणपणे रॅमच्या दोन खाचा असतात, एकीत ४ जीबी आहे, दुसरीत ८ जीबी डीडीआर४ची पट्टी घालावी. बारा जीबी झाले. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात, एवढेच. जुनी पट्टीही चालेल, मात्र मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम रात्रभर चालवून मग पैसे द्यावेत. वापरलेली रॅम हा आमच्या मते सेकंडहँड मालातला सर्वांत निर्धास्त प्रकार आहे, कारण तिच्यात झिजणारे काही नसते. वापरलेली एसएसडी घेऊ नये. ती लिहून लिहून झिजते.

एवढे केले की निम्मा प्रश्न मिटतो. सरकारी फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, टंकलेखन, शिवणाच्या ऑर्डरींचा हिशेब, मुलांचे व्हिडिओ पाठ यांसाठी आय३-६१०० अजून पुष्कळ पुरतो. ज्या घरांत एवढेच काम आहे त्यांनी येथेच थांबावे आणि उरलेले पैसे दुसऱ्या कामाला लावावेत. लेखाचा पुढचा भाग त्यांच्यासाठी नाही.

बाळकुमच्या घरात मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मुलीचा विषय. अँड्रॉइड स्टुडिओ नावाच्या प्रोग्रॅममध्ये अॅप बनवतात आणि एम्युलेटर म्हणजे पडद्यावरच एक खोटा मोबाइल उभा करून त्यात ते चालवून पाहतात. मशीनच्या आत दुसरे मशीन चालवण्यासारखे आहे हे. त्यासाठी गूगल स्वतः १६ जीबी रॅम सांगते, आणि दोन कोअरचा प्रोसेसर तेथे खरोखर धापा टाकतो. दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १०ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव सोय घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत नाव नोंदवून मिळते. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने जी प्रोसेसरची यादी केली आहे ती इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून आणि एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून सुरू होते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. आय३-६१०० सहाव्या पिढीचा. तो त्या यादीत नाही.

तेव्हा या घराला प्रोसेसर लागणार, हे खरे. पण आज नव्हे, दुसऱ्या टप्प्यात. आज एसएसडी आणि ८ जीबी रॅम घेऊन जुने मशीन चालते करावे. जून उजाडण्याच्या सुमारास प्रोसेसर आणि मदरबोर्ड तेवढा बदलावा. एसएसडी आणि रॅम उचलून नव्या बोर्डावर जातील. पहिल्या टप्प्यात घातलेला एकही रुपया वाया जात नाही, आणि मधल्या काळात मुलगी याच मशीनवर जावा आणि कोटलिन शिकायला लागू शकते.

यावरून प्रोसेसरची निवडही आपोआप अरुंद होते. आज सर्वांत नवे म्हणून जे विकतात, उदाहरणार्थ एएमडीचे एएम५ जातीचे बोर्ड, त्यांना फक्त डीडीआर५ रॅम चालते. म्हणजे हातातली सगळी रॅम बाद. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसतसुद्धा नाही, तिची खूण वेगळ्या जागी असते. म्हणून आपल्याला असा बोर्ड हवा ज्यात डीडीआर४ चालते, आणि असा प्रोसेसर ज्याच्या पोटात चित्र दाखवण्याची सोय आहे. वेगळे ग्राफिक कार्ड या पैशांत बसत नाही.

बाजारात अशी दोन नावे सहज सापडतात. एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअर आणि बारा थ्रेड. आणि इंटेलचा कोअर आय३-१२१००, चार कोअर आणि आठ थ्रेड. पहिला एएम४ जातीच्या बोर्डावर बसतो, ए५२० किंवा बी४५० म्हणून विचारावे. दुसरा एच६१० बोर्डावर, पण एच६१० बोर्ड डीडीआर४चे आणि डीडीआर५चे असे दोन्ही येतात, तेव्हा डब्यावर वाचूनच घ्यावा. दोन्ही प्रोसेसर डबाबंद घेतले तर पंखा सोबत मिळतो. एम्युलेटरचे काम डोळ्यांसमोर ठेवता आमचा कल ५६००जीकडे आहे, सहा कोअर तेथे उपयोगी पडतात. पण दोन्ही सेटच्या भावात तीन-चार हजारांचा फरक पडत असेल तर आय३ घ्यावा आणि तो फरक रॅममध्ये घालावा. बारा जीबी रॅम आणि सहा कोअर यांपेक्षा सोळा जीबी आणि चार कोअर या मुलीच्या जास्त कामाचे.

५६००जी घेताना दुकानदाराला एक विचारावे, “बोर्डाचे बायोस अपडेट केलेले आहे का?” ए५२० आणि बी४५० हे बोर्ड या प्रोसेसरच्या आधी बाजारात आले. जुना साठा असेल तर नवा प्रोसेसर घालूनही पडदा काळाच राहतो. चांगला दुकानदार हे काम जागेवर करून देतो.

नावांच्या शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्या. इंटेलच्या नावामागे एफ असेल, जसे आय३-१२१००एफ, तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नाही. तो स्वस्त पडतो आणि म्हणून लोक फसतात, घरी आणून जोडला की पडद्यावर काहीच नाही. एएमडीच्या या ५००० मालिकेत उलट आहे, ज्याच्या मागे जी त्यातच ती सोय. ५५०० आणि ५६००जी ही नावे कानाला शेजारची वाटतात, पण ५५०० घेतला तर ग्राफिक कार्डाशिवाय तो मुका.

आणि “आय७ देतो” या शब्दाला भुलू नका. हा आमच्या वाचकांकडून सर्वांत जास्त येणारा अनुभव आहे. आय३, आय५, आय७ ही एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की तुलना मोडते. आय७-२६०० हा २०११ सालचा, चार कोअर आठ थ्रेडचा. आय३-१२१०० हा २०२२चा, तेवढेच कोअर, तेवढेच थ्रेड, पण तो त्या आय७ला कितीतरी मागे टाकतो आणि वीजही कमी खातो. गिगाहर्ट्झच्या आकड्याचेही तसेच. भगिनींच्या जुन्या आय३-६१००वर ३.७ लिहिलेले आहे आणि नव्या आय३-१२१००वर मूळ वेग ३.३. आकडा लहान म्हणून नवा हळू असे मुळीच नाही, एका ठोक्यात तो जास्त काम करतो आणि गरज पडली की ४.३पर्यंत चढतो. नाव वाचण्याची रीत सोपी आहे: इंटेलच्या या नावांत आडव्या रेघेनंतरचा पहिला किंवा पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. ६१०० सहावी, १२१०० बारावी, २६०० दुसरी.

‘आय५, १६ जीबी, एसएसडी, एकदम नवा’ अशा जाहिराती दहा-बारा हजारांत दिसतात. त्यांत पुष्कळदा कचेऱ्यांतून निघालेला चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर असतो, बोर्ड अनोळखी नावाचा आणि रॅम डीडीआर३. टायपिंगला ठीक. पण डीडीआर३ म्हणजे पुढे कशातच न चालणारी वस्तू. जाहिरातवाल्याला पूर्ण मॉडेल क्रमांक विचारा. तो देत नसेल तर फोन ठेवून द्या.

आता एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर ४५० वॅट छापलेला, उचलला तर रिकामा वाटावा इतका हलका, असा असेल तर दुसऱ्या टप्प्यात तो बदलावा. नव्या बोर्डांना प्रोसेसरसाठी अनेकदा आठ पिनांची जोडणी लागते, जुन्या डब्याला चारच असतात. ‘८० प्लस’ची खूण असलेला ४५० वॅटचा पुरे. खूण म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के आत पोहोचते, बाकी उष्णता होते. खाडीकाठची दमट हवा आणि भिवंडीकडे जाणाऱ्या ट्रकांची, त्यात मेट्रो-५च्या कामाची धूळ, यांनी बाळकुम-माजिवड्याच्या घरांतली मशीने आतून लवकर खराब होतात. वर्षातून दोनदा पंखे साफ करावेत. सात-आठ वर्षांच्या प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट वाळून खडू झालेला असतो, पहिल्या टप्प्यातच तो पुसून नवा लावून घ्यावा. काम पाच मिनिटांचे आहे. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही तेही वायरमनकडून पाहून घ्या.

कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, मॉनिटर तेच ठेवा. जुन्या मॉनिटरला फक्त निळी व्हीजीए वायर असेल तर बोर्डावर ते भोक आहे का तेवढे पाहा.

पैशांचे गणित. भाव आठवड्याला हलत असताना वस्तूगणिक आकडे देणे म्हणजे वाचकांना फसवणे. प्रमाण मात्र सांगता येते. एकूण रकमेतले साधारण साठ टक्के प्रोसेसर आणि बोर्डाला, तीस टक्के एसएसडी आणि रॅमला, दहा टक्के एसएमपीएसला धरावे. पंचवीस हजारांत हे बसेल की हजार-दोन हजार वर लागतील, हे त्या आठवड्याच्या रॅमच्या भावावर आहे. दुकानदाराच्या हप्त्याच्या वाटेला जाऊ नये. व्याज नको म्हणून आमची बहुतेक घरे तशीही जात नाहीत, पण ‘नो-कॉस्ट हप्ता’ या नावाने काहींची समजूत काढली जाते. त्यात व्याज असतेच. बँक ते लावते, विक्रेता तेवढी सूट दाखवून झाकतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाइकाच्या बिलात येतो. रोख घेणाऱ्याने तीच सूट मागून घ्यावी.

खरेदी कुठे करावी? ठाणे स्टेशनच्या आसपास दुकाने आहेतच. दुसऱ्या टप्प्याच्या मोठ्या खरेदीसाठी एकदा लॅमिंग्टन रोडची फेरी करायला हरकत नाही. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे नाव दिसेल. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे, तेथून चालत जाता येते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. जाण्याआधी तीन दुकानांकडून व्हॉट्सअॅपवर कोटेशन मागवा, प्रत्येक वस्तूचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि १८ टक्के जीएसटी धरून. ‘बिलाशिवाय स्वस्त’ घेऊ नका. डबाबंद प्रोसेसरला तीन वर्षांची हमी असते, आणि हमीचे काम पडले की पहिला प्रश्न बिलाचा येतो. मुलीने स्वतः जावे, सोबत अब्बा असोत की मामू. मशीनवर काम तिला करायचे आहे, दुकानदाराशी बोलणेही तिनेच करावे.

जुनी हार्ड डिस्क दुकानात देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. तिच्यात आठ वर्षांचे लग्नाचे, ईदचे, घरातल्या बायका-मुलींचे फोटो आहेत, आधार आणि पॅनच्या प्रती आहेत. नुसते डिलीट केलेले परत काढता येते. तिला मशीनमध्येच दुसरी डिस्क म्हणून राहू द्या, फोटो तिथेच ठेवा, मात्र त्यांची एक प्रत बाहेर पेन ड्राइव्हवर घ्या. डिस्कही म्हातारी झाली आहे.

विंडोजच्या परवान्याचे मामूंना नीट समजावून सांगावे लागेल. कंपनीने मशीनसोबत दिलेला परवाना मदरबोर्डाला बांधलेला असतो, बोर्ड बदलला की तो संपतो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ओरिजनल की’ला आम्ही परवाना म्हणत नाही. पैसे कमी पडत असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकावे, फुकट आहे, अँड्रॉइड स्टुडिओ त्यावर व्यवस्थित चालतो, मराठी आणि उर्दू दोन्हींचे कीबोर्ड त्यात आहेत. आयटी शिकणाऱ्या मुलीला लिनक्स येणे नोकरीच्या वेळीही कामाचे पडते.

राहिला धाकटा. ५६००जीच्या पोटातल्या ग्राफिक्सवर जुने आणि हलके गेम बऱ्यापैकी चालतात, तेवढ्यावर त्याने सध्या भागवावे. बोर्डावर ग्राफिक कार्डाची खाच रिकामी राहणारच आहे. बहिणीचे वर्ष पार पडल्यावर, पुढच्या भिशीच्या वेळी, त्याने आम्हाला स्वतः पत्र लिहावे. तेव्हा एसएमपीएस ४५०ऐवजी ५५० वॅटचा घ्यायला हवा होता असे त्याने म्हणू नये म्हणून, दुसऱ्या टप्प्यात भावातला फरक पाचेकशे रुपयांच्या आत असेल, तर ५५०चाच घ्या.